इंग्लंडच्या शाळेत नव्याने बसलेली आपली मुलं: वाचनासाठी घरी नेमकं काय करायचं?

टेम्सकाठी
नमस्कार मंडळी. दर उन्हाळ्यात भारतातून इथे नवी मराठी कुटुंबं येतात, सप्टेंबरात पोरं शाळेत बसतात आणि दिवाळीच्या सुमारास पहिली पालकसभा झाली की सगळ्या गटांवर तेच प्रश्न फिरायला लागतात. उत्तरं एका जागी सापडावीत म्हणून हा धागा. वय साधारण ४ ते ७ धरा, म्हणजे रिसेप्शन ते इयर टू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे वर्ग वयावर ठरतो, आधी काय शिकलंय त्यावर नाही. चार पूर्ण झाले की पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शन, पाच पूर्ण झाले की इयर वन. म्हणून पुण्यात सीनियर केजीत असलेलं साडेपाच वर्षांचं मूल थेट इयर वनमध्ये जातं, आणि शेजारच्या खुर्चीतलं मूल वर्षभर फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचणं, गिरवून आलेलं असतं.

प्रश्न असे: घरी मराठी बोलायची की इंग्रजी? ए ते झेड येतं, स्पेलिंग पाठ आहेत, तरी वाचता का येत नाही? शाळेतून घरी येणारं पुस्तक कसं वाचून घ्यायचं? आणि इयर वनच्या जूनमधली ती फोनिक्सची चाचणी?

माझं मत आधीच सांगते: घरी मराठी सोडू नका. आणि एक विनंती, 'आमच्या बंड्याचं असं झालं' छापाच्या कथा गप्पांच्या पानावर. इथे काय करायचं आणि काय चुकतं एवढंच.

फळा_खडू
चांगला धागा. स्पेलिंगच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी गाडं तिथेच अडतं.

आपल्याकडून आलेलं मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. 'सी ए टी कॅट' घडाघडा म्हणतं, अक्षरही वळणदार असतं. पण सी, ए, टी ही अक्षरांची नावं आहेत. ती कितीही भरभर म्हणा, 'सीएटी'च होतं, 'कॅट' होत नाही. इथे क्-ॲ-ट् असे आवाज जोडून शब्द वाचायला शिकवतात. अक्षरं २६, आवाज मात्र ४४च्या आसपास. बहुतेक शाळा एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरुवात करतात, कारण एवढ्याच भांडवलावर सॅट, पिन, टॅप, नॅप, स्पिन असे कितीतरी शब्द लगेच वाचता येतात.

तेव्हा पाठांतर बंद. अक्षर दिसलं की नाव नाही, आवाज विचारायचा. आणि तो आवाज शेपटीशिवाय काढायचा. 'म' नाही, ओठ मिटून 'म्म्म'. 'स' नाही, 'स्स्स'. घरोघरी चूक होते ती इथे. आईवडील 'स-ॲ-ट' म्हणतात, मूल इमानदारीत जोडतं आणि 'सअॅट' की काहीतरी म्हणतं. दोष मुलाचा नसतो.

अर्धमात्रा
फळा_खडू, शेपटीचं अगदी बरोबर. देवनागरी वाचणाऱ्या माणसाला हे समजणं खरं तर सोपं आहे. आपल्या प्रत्येक अक्षरात 'अ' लपलेला असतो, तो काढून टाकायचा, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचा. शिक्षिका ज्याला शुद्ध आवाज म्हणते तो म्हणजे आपलं क्, ट्, प्.

पण एक गोम आहे. मराठी कान शब्द अक्षरांत तोडतो: फू-ल. इंग्रजी वाचनाला त्याहून बारीक तुकडे लागतात: फ्-ऊ-ल्. हे तोडणं तोंडी आणि मराठीतच शिकवा, वाचता येण्याआधी. 'जा, न्-अ-ळ् बंद कर.' 'ब्-अ-स् आली बघ.' मुलाने शब्द ओळखायचा. जमलं की उलट, मुलाने तोडायचं आणि तुम्ही ओळखायचं. एकदा ही युक्ती डोक्यात बसली की ती भाषा बघत नाही.

मग कागदावर तीन चौकोन आणि तीन राजमे. 'सॅट' म्हणा, एकेका आवाजाला एक राजमा चौकोनात ढकलायचा. 'शिप'लाही तीनच, कारण एस आणि एच मिळून एक आवाज. 'स्टॉप'ला चार. राजम्यांचा हिशेब जमला की त्यांच्या जागी चुंबकाची अक्षरं ठेवा. सुरुवात म्, स्, न्, फ्, ल्, र् असलेल्या शब्दांनी करा, हे आवाज ताणता येतात: 'स्स्सॅट', 'म्म्मॅन'. ट्, प्, क्, ब् ताणता येत नाहीत, म्हणून ते शब्दाच्या सुरुवातीला असले की जोडणं अवघड जातं.

मावळा_इन_मँचेस्टर
बाकी ठीक, पण घरी मराठीवर मी असहमत. मूल शाळेत सहा तास इंग्रजी ऐकतं आणि घरी येऊन शून्य. जूनमध्ये चाचणी. निदान पहिलं वर्षभर घरी इंग्रजी बोलायला काय हरकत आहे? मराठी काय, नंतरही येईल.

खडीसाखर
'मराठी नंतरही येईल' असं म्हणणाऱ्यांची पोरं आजीशी खाणाखुणांनी बोलतात. :)

फळा_खडू
मावळा, प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेत नाही. वाचन दोन गोष्टींनी होतं: अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि उलगडलेल्या शब्दाचा अर्थ लागणं. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये हे साध्या गुणाकाराच्या रूपात मांडलं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. पहिली बाजू शाळा रोज पद्धतशीर शिकवते. दुसरी बाजू, म्हणजे जग समजणं, कार्यकारण, गोष्टीचा क्रम, ती घरी तयार होते, आणि ज्या भाषेत आईवडील सगळ्यात सहज बोलतात त्या भाषेत सगळ्यात चांगली होते.

घरी इंग्रजी सुरू झाली की वाक्यं आखूड होतात. 'ईट फास्ट', 'वेअर शूज', 'डोन्ट डू'. मराठीत तेच आईवडील म्हणतात, 'अरे, बाहेर भुरभुर पाऊस आहे, चिखलात पाय भरतील, म्हणून आज बूट घाल.' दुसऱ्या वाक्यात किती गोष्टी आहेत मोजा. 'म्हणून' ही कल्पना मराठीत पक्की असली की इंग्रजीत फक्त नवा शब्द चिकटवायचा असतो.

मुदतीचंही लक्षात ठेवा. मैदानावरचं बोलणं साधारण दोन वर्षांत येतं, पण धड्यातली, अभ्यासाची भाषा आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. द्विभाषिक मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ पासून मांडलाय. वर्षभर मराठी बंद करून ती पाच वर्षं भरून निघत नाहीत.

मावळा_इन_मँचेस्टर
गुणाकाराचं पटलं. पण चाचणी आहेच की.

स्लाऊचा_सदू
चाचणीचा बाऊ फार झालाय, म्हणून नीट लिहितो. फोनिक्स स्क्रीनिंग चेक २०१२ पासून, फक्त इंग्लंडमध्ये. स्कॉटलंड आणि वेल्सवाल्यांनी निवांत राहावं. इयर वनच्या जूनमध्ये ओळखीच्या शिक्षिकेबरोबर एकट्याने बसून ४० शब्द मोठ्याने वाचायचे. २० खरे, २० बनावट. बनावट शब्दाशेजारी राक्षसाचं चित्र असतं, म्हणजे 'हा त्या प्राण्याचा शब्द, अर्थ शोधू नकोस'. पास होण्याची रेषा गेली कित्येक वर्षं ३२ वर आहे. नाही जमलं तर इयर टूमध्ये पुन्हा. त्यावर वर्ग अडत नाही. आणि मूल नुकतंच देशात आलं असेल, इंग्रजी अक्षरांचे आवाज अजून येतच नसतील, तर मुख्याध्यापक त्या वर्षी त्याला चाचणीतून वगळू शकतात. तसं विचारायला लाजू नका.

तयारीत मजेची गोष्ट अशी की अर्थ माहीत असलेली मुलं बनावट शब्दाचं ओढूनताणून खऱ्या शब्दात रूपांतर करतात. 'स्ट्रॉम' दिसलं की 'स्टॉर्म' वाचून मोकळी.

खडीसाखर
आपल्या पोरांना चाळीसच्या चाळीस शब्द राक्षसाचेच. तेवढाच फायदा.

अर्धमात्रा
खडीसाखर, तुम्ही विनोद केलात, पण खरी अडचण नेमकी तीच आहे. घरी येणारी सुरुवातीची पुस्तकं फक्त शिकवलेल्या आवाजांची असतात. त्यामुळे त्यांत शब्द कोणते? विग, मॉप, टग, कॉट, डेन, फिग. उलगडायला सोपे, पण नव्या मुलाने आयुष्यात न ऐकलेले. इथल्या मुलाला 'म्-ऑ-प्' जोडल्यावर ओळखीचा शब्द भेटतो आणि डोळे चमकतात. आपलं मूल बरोबर जोडतं आणि समोर काहीच उभं राहत नाही. मग ते पोपटासारखं पान संपवतं, शिक्षिका खूश, आईवडील खूश. पान झाल्यावर मराठीत विचारा, 'काय झालं रे?' उत्तर मराठीत आलं तरी चालेल. आलंच नाही तर वाचन झालेलं नाही.

मिल्टनकर
मग पुस्तक नक्की कसं घ्यायचं? आमच्याकडे एकच पुस्तक आठवडाभर असतं, पोरगं दुसऱ्या दिवशी 'झालं की वाचून' म्हणतं.

फळा_खडू
आठवडाभर असतं ते मुद्दाम. तीन बैठका, प्रत्येकी दहा मिनिटं, जास्त नाही.

पहिल्या दिवशी वाचायचंच नाही. चित्रं बघत मराठीत गप्पा: कोण आहे, कुठे चाललाय, आता काय होईल. त्यातच तीन-चार अनोळखी शब्द इंग्रजीत सांगून टाका, जमलं तर वस्तू हातात देऊन. टग म्हणजे काय हे सांगू नका, ओढणीचं एक टोक त्याच्या हातात द्या आणि ओढा.

दुसऱ्या दिवशी मूल वाचेल. अडलं तर शब्द लगेच सांगायचा नाही, चित्राकडे बोटही दाखवायचं नाही. चित्र बघून अंदाज मारायची सवय लागली की 'हाउस'च्या जागी 'होम' वाचतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शब्दाखाली खुणा करा: एका अक्षराच्या आवाजाला टिंब, दोन अक्षरांच्या एका आवाजाला आडवी रेघ. टिंबावर बोट, आवाज, मग जोड. 'द', 'टू', 'सेड' असे नियमात न बसणारे शब्द मात्र सरळ सांगावेत.

तिसऱ्या दिवशी तेच पुस्तक न अडखळता, आवाजात चढउतार आणून, आणि शेवटी गोष्ट स्वतःच्या शब्दांत. मराठीत चालेल.

वीस शब्दांत एकाहून जास्त ठिकाणी अडत असेल तर पुस्तक अवघड आहे. वाचनवहीत नुसतं 'रेड वेल' लिहून सही ठोकू नका. 'टग आणि फिगचे अर्थ माहीत नव्हते, शिप मध्ये एस-एच वेगळे वाचले' असं लिहा. शिक्षिकेला दुसऱ्या दिवशी काय घ्यायचं ते त्यातूनच कळतं.

स्लाऊचा_सदू
आणि शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवू नका, मूल मराठी वाचत असेल तर विशेषतः. ते वरची ओळ वाचतं, खालची बघतही नाही. शिवाय पुस्तक शाळेचं असतं.

उच्चारवेडी
मी फक्त आवाजांबद्दल. आईवडिलांना आपल्या उच्चारांची उगाच भीती असते. 'टी'चा आपला ट थोडा जाड असला तरी वाचनाला काही होत नाही. थ आणि ट मराठीत वेगळेच आहेत, त्यामुळे 'थिन' आणि 'टिन' यांतही गोंधळ नाही. 'स्कूल', 'स्टॉप' आपल्याला सरळ येतात, आपण पुढे 'इ' लावत नाही.

लक्ष द्यायचं ते शब्द बदलणाऱ्या जागांवर:
व्ही आणि डब्ल्यू. मराठीत दोघांना एकच व. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. आरशासमोर 'व्हेट', 'वेट'. नाहीतर लिहितानाही अदलाबदल होते.
बेड आणि बॅड. ए आणि ॲ. ॲ ला जबडा खाली येतो, हनुवटीखाली हात धरून दाखवा.
शिप आणि शीप. आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ कागदावरच राहिलंय, कानावर पक्कं नाही.
झेड. हा गमतीशीर आहे. 'झाड'मधला झ त्याच्या जवळ जातो, पण इ-ए आले की मराठी जीभ तो 'झिम्मा'तला झ करते, म्हणून 'झू' बरा येतो आणि 'झिप'चं 'जिप' होतं. माशीसारखं 'झ्झ्झ' लांबवून मग 'इप' जोडायचं.

मिल्टनकर
'मी' आणि 'मी'चं काय? मराठीत मी म्हणजे आय, इंग्रजीत मी म्हणजे मला. आणि 'आय' म्हटलं की आई वळून बघते.

उच्चारवेडी
:) 'मी हंग्री' ऐकलं तर चूक दाखवू नका, फक्त 'ओह, यू आर हंग्री?' असं नीट वाक्य परत द्या. 'अ' आणि 'द' ही उपपदं मराठीत नाहीतच, ती सगळ्यात शेवटी येतात. प्रत्येक वाक्य थांबवून दुरुस्त केलं की मूल बोलणंच सोडतं.

जर्सीकर
अमेरिकेतून थोडं अवांतर. इथे नाव नोंदवताना घरच्या भाषेचा एक फॉर्म भरतात. 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, गरज असेल तर वेगळी मदत मिळते. न्यू जर्सीत विडाची चाचणी, कॅलिफोर्नियात एल्पॅक. मूल 'मागे पडलेलं' ठरेल या भीतीने काही पालक 'इंग्रजी' लिहून टाकतात. मग मदत मिळत नाही आणि अडचण आली की शाळा भलत्याच दिशेने कारण शोधते. मदत नाकारायचा हक्क पालकांना नंतरही आहे, वार्षिक चाचणी मात्र तरीही द्यावी लागते. तेव्हा फॉर्मवर खरं लिहा.

टेम्सकाठी
जर्सीकर, अवांतर कसलं, इथेही तेच. प्रवेशाच्या कागदावर पहिली भाषा विचारतात, तिथे मराठी लिहा. इंग्लंडच्या निधीवाटपात अशा मुलांसाठी पहिली तीन वर्षं शाळेला जादा रक्कम धरलेली असते. आणि नियमही स्पष्ट आहे: केवळ इंग्रजी नवी आहे म्हणून येणारी अडचण ही विशेष शैक्षणिक गरज मानायची नाही.

वैद्य_नाही_पण
त्याची दुसरी बाजूही बघा. 'नवीन आहे, होईल हळूहळू' म्हणून खरी अडचण झाकली जाते. पहिले काही महिने मूल शाळेत गप्प राहतं, ते नुसतं ऐकत असतं. बोलायला लावू नये. पण कसोटी मराठीत घ्या. मराठीतही वाक्यं वयाच्या मानाने तोकडी आहेत का? मागून हाक मारली तर वळतं का? सर्दीनंतर कानात पाणी साठणं या वयात फार आढळतं, आणि ज्याला स्, फ्, थ् ऐकूच येत नाहीत त्याला फोनिक्स काय शिकवणार? मग जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि शाळेतही सांगा. घरी मराठीत बडबड आणि घराबाहेर कोणत्याच भाषेत, अगदी मराठी काकूंशीही अवाक्षर नाही, असं महिनोन्महिने चाललं तर तो गप्प राहण्याचा काळ नव्हे. शाळेच्या सेन्कोला, म्हणजे विशेष गरजांचं काम बघणाऱ्या शिक्षिकेला भेटा.

खडीसाखर
मराठी बडबड कुठून आणायची? दोघंही नोकरीवर. आजीला व्हिडिओवर गोष्ट सांगायला लावावी तर हिवाळ्यात इथले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा.

अर्धमात्रा
शनिवारी सकाळी दहाला तिकडे दुपारचे साडेतीन. वामकुक्षी आणि चहा यांच्या मधली वेळ. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत फुकट मिळते, पातळ्या लावलेल्या, छापूनही घेता येते. आजी शनिवारी मराठीत वाचेल, तुम्ही तीच गोष्ट रविवारी इंग्रजीत. अर्थ आधीच घरात आलेला असतो. एका ओळीत दोन्ही भाषा मिसळून मात्र वाचू नका, मूल सोयीच्या भाषेची वाट बघत बसतं.

बाकी वाचनालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. फुकट असतं. शब्द नसलेली चित्रपुस्तकं मागा, ती कोणत्याही भाषेत वाचता येतात. टीव्ही लावायचाच तर बीबीसीच्या लहान मुलांच्या सीबीबीज वाहिनीवर अल्फाब्लॉक्स, त्यात अक्षरं स्वतःचे आवाज काढत हात धरतात आणि शब्द बनतो.

मावळा_इन_मँचेस्टर
बरं, हरलो. घरी मराठी. पण मग शाळेतला पहिला आठवडा कसा काढायचा? वाचनाच्या आधी पोटापाण्याची इंग्रजी तरी हवी.

फळा_खडू
हवीच. दहा-बारा वाक्यं, घरी नाटक करून: शौचालयाला जाऊ का, पाणी हवंय, समजलं नाही, थांब मला आवडत नाही, दुखतंय, मी खेळू का. शब्द: पेग (कोट अडकवायची खुंटी), बुकबॅग, कार्पेट, लाइन अप, टायडी अप. यात 'प्लीज' चिकटवूनच शिकवा. मराठीत आर्जव 'दे ना' मधल्या 'ना'त असतं, वेगळा शब्द लागत नाही. ते 'गिव्ह मी वॉटर' झालं की शिक्षिकेला उद्धट वाटतं.

आणि शिक्षिकेला एक कागद द्या: मुलाच्या नावाचा उच्चार, घरात कोणती भाषा, मराठी वाचता येतं का, आणि मूल घाईत असताना जे शब्द वापरतं ते. 'पाणी', 'आई', 'दुखतंय', 'शू', 'शी'.

स्लाऊचा_सदू
शेवटचे दोन जाड अक्षरांत आणि अर्थासकट. नाहीतर पोरगं 'शू, शू' म्हणत नाचतंय आणि बाई खाली वाकून त्याचे बूट तपासतायत.

खडीसाखर
आणि 'शी' म्हटलं की विचारणार, 'हू?'